मॅक की विंडोज? आतेभावाच्या लॅपटॉपचा हिशोब

आज पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय, खिडक्याही लावल्यात, आणि विरारची हवा तुम्हाला माहितीये. तेव्हा मध्येच आवाज घामाघूम वाटला तर समजून घ्या.

तर झालं असं, की महिन्याभरापूर्वी माझ्या आतेभावाचा फोन आला. तो राहतो नालासोपाऱ्याला, नुकताच बारावी झालाय. गाणी करतो. म्हणजे मित्राच्या हळदीसाठी आगरी-कोळी गाण्याचं रिमिक्स, मंडळाच्या आगमनासाठी बीट, आणि रात्री दीड वाजता मला पाठवलेल्या तीस-तीस सेकंदांच्या "दादा, हे ऐक" अशा क्लिपा. फोनवर पहिलंच वाक्य, "दादा, आईची भिशी लागली. पासष्ट हजार. मॅक घेऊ की विंडोज?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक माणसाला वाटतं की ह्याला कुठलाही लॅपटॉप विचारावा, प्रिंटर विचारावा, टीव्हीचा रिमोटही विचारावा. एरवी मी पाच मिनिटांत एक लिंक पाठवून मोकळा होतो. ह्या वेळी नाही झालो, कारण ह्याच मुलाचं एक काम मी एकदा घालवलंय. ते आधी सांगतो, मग लॅपटॉपकडे येऊ.

आमचे आजोबा भजनी बुवा होते. मूळ देवगडकडचे, गिरणीत होते, १९८२ चा संप झाला आणि काही वर्षांनी लालबागची खोली विकून इकडे आले. विरार-नालासोपाऱ्यात ही गोष्ट दर तिसऱ्या बिल्डिंगमध्ये सापडेल, आणि तिच्यासोबत एक भजन मंडळही सापडेल. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये मंडळ बंद, बुवा घरी. तेव्हा हा पोरगा चौदा वर्षांचा. माझ्या जुन्या डेस्कटॉपला एक यूएसबी माईक लावून त्याने आजोबांना समोर बसवलं. पेटी, आवाज, एक अभंग आणि शेवटचा गजर. नऊ मिनिटं. मग त्याखाली त्याने स्वतःचा ठेका टाकला. आजोबांनी हेडफोन लावून ऐकलं आणि म्हणाले, "परत दाखव बघू." तीन वेळा ऐकलं. पुढच्या वर्षी आजोबा गेले.

२०२३ मध्ये तो डेस्कटॉप मी ह्यालाच देऊन टाकायचा ठरवला. त्यात फुकटात मिळवलेली क्रॅक सॉफ्टवेअर होती, ती मीच टाकलेली, आणि त्यांच्यासोबत आलेला व्हायरसही होता. मी म्हटलं, फॉरमॅट करून स्वच्छ देऊ. त्याचं "प्रोजेक्ट्स" नावाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, सगळं पुसलं, नव्याने विंडोज टाकलं. त्याने घरी जाऊन प्रोजेक्ट उघडलं. ठेका वाजला. आजोबांच्या जागी एक राखाडी पट्टी, आणि मेसेज, की फाइल सापडत नाही.

ज्यांनी कधी गाणं बनवण्याचं सॉफ्टवेअर वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोजेक्टची फाइल म्हणजे गाणं नव्हे. ती स्वयंपाकाची कृती आहे. कुठला आवाज, कितव्या सेकंदाला, किती मोठा, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. खरा आवाज वेगळ्या फाइलींमध्ये, बऱ्याचदा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो. मी कृती जपली आणि तांदूळ फेकून दिले. साध्या एका माईकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण पाच एमबी घेतं. नऊ मिनिटांचे पंचेचाळीस एमबी झाले पाहिजेत, आणि मी कॉपी केलेलं फोल्डर चारशे केबीचं होतं. बीटेक झालेल्या माणसाला हे दिसायला हवं होतं की नाही?

तो माझ्यावर चिडला नाही. तेच जास्त लागलं. व्हॉट्सॲपवर त्याने आत्याला पाठवलेली बेचाळीस सेकंदांची एक क्लिप तेवढी उरली.

म्हणून ह्या वेळी त्याने मॅक की विंडोज विचारलं तेव्हा मी म्हटलं, शनिवारी ये, बसून बघू.

आला तो ठरवूनच आला होता. मॅकच. कारण विचारलं तर, "रहमान मॅकवर करतो." खरं आहे. ए. आर. रहमान लॉजिक वापरतात हे जगजाहीर आहे, आणि २०१८ मध्ये त्यांच्या केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत मॅक लॅब उभारायची घोषणा ॲपलनेच केली होती. पण मी त्याला म्हटलं, "रोजा" १९९२ चा. तेव्हा घराघरांत मिळणाऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरपेक्षा तुझ्या खिशातला फोन कितीतरी ताकदवान आहे. रहमान पुढे कुठल्या मशीनवर गेले ह्यावरून तू आज काय घ्यावं हे कळत नाही. तो म्हणाला, "मग तूच सांग." मी म्हटलं सांगणार नाही, मोजू.

मोजायचं काय? गाणं करणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे लॅटन्सी. तुम्ही माईकसमोर "आ" म्हणालात आणि हेडफोनमध्ये तो "आ" किती उशिरा ऐकू आला, तो वेळ. कॉम्प्युटर आवाज एकसलग घेत नाही, छोट्या छोट्या घासांत घेतो. एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे, आणि एका घासात किती तुकडे ते आपण ठरवतो. त्याला बफर म्हणतात. २५६ चा बफर म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद. १०२४ चा म्हणजे २३. आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, म्हणजे दुप्पट धरा, वर थोडं आणखी. आवाज हवेतून १० मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे १० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पखवाजवाला खोलीच्या पलीकडच्या भिंतीला बसलाय, एवढंच. चालतं. ५० मिलिसेकंद म्हणजे तो सतरा मीटरवर, खाली सोसायटीच्या गेटपाशी बसून वाजवतोय. तिथे गायक लयीतून सुटतो.

बफर लहान केला की उशीर कमी होतो, पण कॉम्प्युटरला धाप लागते आणि आवाजात कटकट, फटफट सुरू होते. ह्याच जागी मॅक आणि विंडोजमध्ये खरा फरक आहे. बाकी दिसायला छान, लोगो चमकतो वगैरे सोडून द्या.

मित्राकडून एक ऑडिओ इंटरफेस आणला. इंटरफेस म्हणजे ती छोटी डबी, जिच्यात माईक आणि हेडफोन लागतात. आधी माझ्या ऑफिसच्या मॅकबुकला लावली. बफर १२८, काही इन्स्टॉल केलं नाही, काही सेटिंग नाही, गायला लागला. ॲपलने ऑडिओचा सगळा मार्ग ऑपरेटिंग सिस्टिममध्येच नीट बांधलाय, त्याला कोअर ऑडिओ म्हणतात. मशीनही त्यांचंच, सिस्टिमही त्यांचीच, त्यामुळे मध्ये कोणी पाय घालत नाही.

मग तीच डबी त्याच्या मित्राच्या गेमिंग लॅपटॉपला लावली. हे मशीन ताकदीने कमी नव्हतं. पण २५६ वर सुद्धा फटफट. विंडोजमध्ये ह्या कामासाठी एएसआयओ नावाचा रस्ता लागतो. तो मायक्रोसॉफ्टने नाही, तर स्टाइनबर्ग ह्या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये काढला, आणि आजही इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकल्याशिवाय मजा नाही. तो टाकला. बरं झालं, पण थोडी फटफट उरलीच. मग एक फुकट मिळणारं लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर चालवलं, ते कुठला ड्रायव्हर मध्येच कॉम्प्युटरला अडवून धरतो ते दाखवतं. आमचा चोर वायफाय निघाला. वायफाय बंद, पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर, चार्जर लावलेला, आणि १२८ वर गाडी सुरळीत. पाऊण तास गेला.

म्हणजे मॅकवर शून्य मिनिटं आणि विंडोजवर पंचेचाळीस. हे मान्य करायलाच हवं, आणि मी स्वतः लिनक्सवाला असल्याने मला दोघांबद्दल सारखंच प्रेम नाहीये. (लिनक्सचं विचाराल तर, रीपर आणि आर्डर दोन्ही त्यावर छान चालतात, त्याचा जुना डेस्कटॉप आता मी उबुंटू स्टुडिओवर टाकून दिलाय आणि रियाजाला तो पुरतो. पण त्याचे मित्र एफएल स्टुडिओत काम करतात आणि एफएल लिनक्ससाठी येत नाही. जुगाड करून चालवता येतं, पण अठरा वर्षांच्या पोराने गाणी करायची की जुगाड?)

पण ती पाऊण तासाची किंमत पैशांत किती, हे पण बघायला हवं ना. मॅकबुक एअर नवीन घ्यायला गेलं की लाखाच्या घरात. सवलत, विद्यार्थी योजना धरूनही पासष्ट हजारांत लॅपटॉप, इंटरफेस आणि हेडफोन बसत नाहीत. मॅक मिनी बसतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एम-४ वाला मिनी आला तेव्हा त्याची इथली किंमत ५९,९०० होती, आणि त्या पैशांत तशी ताकद मिळत नाही हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण त्याला स्क्रीन वेगळी हवी, कीबोर्ड वेगळा हवा. आणि नालासोपाऱ्यात राहून बॅटरी नसलेलं मशीन घ्यायचं म्हणजे सोबत यूपीएस हवाच. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते म्हणजे कशी जाते ते २०१८ च्या जुलैत इथे असलेल्यांना विचारा. रुळांवर पाणी, गाड्या बंद, खालच्या मजल्यांवर पाणी, आणि लाईट परत कधी येईल ह्याचा पत्ता नाही. शिवाय हा रविवारी अंधेरीला एका स्टुडिओत मदतीला जातो. मिनी घेऊन विरार लोकलमध्ये चढायचं कसं? लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून चढतानाच जीव जातो.

उरला सेकंडहँड मॅकबुक. त्याला कुणीतरी इंटेलवाला मॅकबुक प्रो तीस हजारांत देत होतं, आणि तो जवळजवळ हो म्हणून बसला होता. इथे मात्र मी ठाम नाही म्हटलं. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपवर जायचं जाहीर केलं, आणि २०२५ मध्ये सांगून टाकलं की मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती. त्यापुढे प्लगिनवाले हळूहळू त्या मशीनचा हात सोडणार. सेकंडहँड घ्यायचाच तर एम-१ पासून पुढचा. पण एम-१ एअर बहुतेक वेळा ८ जीबी रॅमचा मिळतो, आणि मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही, घेताना असते तीच शेवटपर्यंत. पाच-सहा ट्रॅकच्या बीटला ८ जीबी पुरते. वाद्यवृंदाची मोठी सॅम्पल लायब्ररी उघडली की बसली.

हाच न्याय विंडोजला पण लावा. जुना लॅपटॉप स्वस्तात घेताय तर तो विंडोज ११ घेतो का ते आधी बघा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर सरळ पुढे चला.

आता मला खरं जे सांगायचंय ते. आम्ही चहा घेत बसलो होतो आणि मी त्याला लॉजिकची गोष्ट सांगितली. लॉजिक आधी ॲपलचं नव्हतं. एमॅजिक नावाची जर्मन कंपनी होती, आणि लॉजिक विंडोजवरही चालायचं. २००२ च्या जुलैत ॲपलने एमॅजिक विकत घेतली आणि विंडोजचं लॉजिक बंद करून टाकलं. ज्यांनी अनेक वर्षांची गाणी विंडोजवरच्या लॉजिकमध्ये करून ठेवली होती, त्यांना एका घोषणेने कळलं की आता एकतर मशीन बदला, नाहीतर ह्या फाइली जुन्या कॉम्प्युटरवरच जपत बसा. त्यात त्यांची काय चूक? काहीच नाही.

ह्यात ॲपल व्हिलन आणि बाकीचे संत असं मी म्हणत नाहीये. उलटंही होतं. एफएल स्टुडिओ वीस वर्षं फक्त विंडोजवर होतं, २०१८ मध्ये विसाव्या आवृत्तीपासून ते मॅकवर आलं. दारं उघडतात, बंद होतात, आणि ती कुणी आपल्याला विचारून करत नाही. तुम्ही फोनवर गॅरेजबँडमध्ये सुरुवात केली असेल तर ते प्रोजेक्ट पुढे मॅकवर लॉजिकमध्ये सहज उघडतं, आणि म्हणून तुम्हाला वाटतं मॅकच आपला. एफएल मोबाइलवर सुरुवात केली असेल तर उद्या पीसीवर एफएल. बँडलॅब फुकट आहे, अँड्रॉइडवर आणि ब्राउझरमध्ये चालतं, पण काम त्यांच्या सर्व्हरवर. फोन हातात घेतला तेव्हाच निम्मा निर्णय झालेला असतो, आपल्याला तो आपला वाटतो इतकंच.

हे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आजोबांचं गेलं त्यात मॅक-विंडोजचा काही संबंधच नव्हता." नव्हता. ते मॅकवर असतं तरी मी घालवू शकलो असतो. मॅकवर थोडं अवघड गेलं असतं, कारण लॉजिक सहसा रेकॉर्डिंग प्रोजेक्टच्या आतच ठेवतं, पण माझ्या कर्तबगारीला अशक्य काही नाही.

मग त्याने स्वतःच वहीत लिहायला घेतलं. त्याचे दोन्ही मित्र विंडोजवर एफएल वापरतात. अंधेरीच्या स्टुडिओत मॅकवर प्रो टूल्स आहे. दोघांशी देवाणघेवाण करायची तर दोघांनाही उघडेल अशी एकच गोष्ट आहे, साधी डब्ल्यूएव्ही फाइल. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेगळा काढायचा, ह्याला स्टेम्स म्हणतात, आणि नावात टेम्पो आणि पट्टी लिहायची. हे कुठल्याही मशीनवर, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये, आणखी वीस वर्षांनीही उघडेल. आणि मग मशीन कुठलंही चालतं. तो म्हणाला, "दादा, मग महागडा मॅक कशाला? बिघडला तर मला खोलता पण येणार नाही." हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. त्याच्या गल्लीत लॅपटॉप दुरुस्त करणारा माणूस आहे, त्याच्याकडे तो सुट्टीत बसायचा, रॅम-एसएसडी स्वतः बदलतो.

पुढच्या मंगळवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. विरार फास्ट, दादरला उतरून स्लो, ग्रँट रोड. चार दुकानं फिरलो. एकाने आम्हाला गाण्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागतंच असं पटवायचा प्रयत्न केला. लागत नाही, व्हिडिओ एडिट करणार नसाल तर तो पैसा वाया, आणि वर त्याचा पंखा तुमच्या माईकमध्ये शिरतो. शेवटी घेतला तो कंपनीतून परत आलेला, दुकानाने तपासून विकलेला लॅपटॉप. १६ जीबी रॅम, वाढवायला एक स्लॉट मोकळा, ५१२ ची एसएसडी, विंडोज ११. अडतीस हजार. इंटरफेस घेऊन जाऊन तिथेच काउंटरवर लावून बघितला, दुकानदार वैतागला, पण बघितला. तुम्ही पण बघा, लाजू नका.

बारा हजारांचा नवीन इंटरफेस, साडेचार हजारांचे बंद कपाचे हेडफोन. सॉफ्टवेअरला रीपर. साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि मग छोट्या कमाईवाल्यांसाठी लायसन्स साठ डॉलरचं, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. एफएल नंतर घेणार आहे, एकदा घेतलं की पुढचे अपडेट कायमचे फुकट. फक्त एक सांगतो, त्याची सगळ्यात स्वस्त आवृत्ती घेऊ नका, तिच्यात आवाज रेकॉर्ड करता येत नाही. गायचं असेल तर प्रोड्युसर आवृत्तीपासून सुरुवात. आणि क्रॅक? माझ्या डेस्कटॉपचं काय झालं ते ऐकलंतच.

उरलेल्या पैशांतून बाहेरची एक हार्ड डिस्क. ही त्याने मागितली नव्हती, मी मागितली. रीपरमध्ये प्रोजेक्ट सेव्ह करताना सगळे आवाज त्याच फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय असतो, तो मी स्वतः बसून चालू करून दिला. एफएलमध्ये झिप करून सेव्ह होतं, एबलटनमध्ये "कलेक्ट ऑल अँड सेव्ह" आहे. तुमच्याकडे जे असेल त्यात आज शोधा.

आत्याने बिल बघितलं आणि विचारलं, "एवढ्यात झालं? मग मॅक कशाला म्हणत होता?" मी चहा पीत राहिलो.

तुमच्याकडे लाखभर रुपये असतील, तर मॅकबुक एअर घ्या, मी अडवणार नाही. पाऊण तास डोकं खाजवण्यापेक्षा पाऊण तास गाणं झालेलं बरं. सिनेमाच्या स्टुडिओत जायचंच असेल तर तिथले लोक जे वापरतात ते घ्या, रात्री अडीचला अडलात तर मदत करणारा शेजारी बसलेला असतो.

परवा रात्री त्याचा मेसेज आला. नव्या मशीनवर पहिलं काय उघडलं, तर ती व्हॉट्सॲपची बेचाळीस सेकंदं. त्याच्याखाली पॅड लावतोय आणि सूर जुळत नाहीये. आजोबांची पेटी जुनी, सुरांनी थोडी उतरलेली, आणि सॉफ्टवेअरमधली वाद्यं अगदी ४४० ला लावलेली. मी म्हटलं, पेटीला हात लावू नकोस, बाकीची वाद्यं तिच्याकडे उतरव, पंधरा-वीस सेंट्स खाली घेऊन बघ. त्याने विचारलं, "दादा, पण आजोबा गायचे कशात? काळी एक की काळी दोन?"

मला सांगता आलं नाही. मंडळातले एक पखवाजवाले काका अजून आचोळ्याला राहतात, रविवारी दोघं त्यांच्याकडे जाणार आहोत. नवा इंटरफेस बरोबर नेतोय. लॅपटॉप चार्ज करून.

चला, पंखा लावतो. पुढच्या भागात भेटू.